पार्नूच्या सौनातलं कारस्थान

३ फेब्रुवारी, पार्नू (एस्टोनिया).
एस्टोनिया, लात्विया, लिथुआनिया. तीन देशांचं एकच वीजधोरण. त्याचं संयुक्त ऑफिस कुठे, हे गुरुवारी ठरणार. ते आपल्या लात्वियात, रीगालाच न्यायचं आणि प्रमुखाच्या खुर्चीत मी बसायचं. नाहीतर एप्रिलमध्ये रिटायर. खुर्ची घेऊनच येतो, असा बायकोला शब्द देऊन आलोय. संकल्प : कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी.
एस्टोनियाचा उर्मास नाश्त्याला चाळीस मिनिटं समोर बसून तीन शब्द बोलला. त्यातला एक ‘मीठ’. नक्कीच काहीतरी लपवतोय. लिथुआनियाचा अल्गिस अखंड बोलतो. तोही लपवतोय.

संध्याकाळी.
उर्मासने हॉटेलच्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या खोलीत, बोलावलं. अल्गिस म्हणाला, चला हो इल्गवार्स, खरं काम तिथंच होतं, कागद बाहेर ठेवायचे. वा! कागद नाही म्हणजे पुरावा नाही. सर्दी झाल्याचं सांगितलं आणि लॉबीत बसून दारावर लक्ष ठेवलं. दीड तासाने दोघे लालबुंद होऊन बाहेर. उर्मास हसत होता! हा माणूस उगाच हसणाऱ्यांतला नाही.

५ फेब्रुवारी.
बायकोचा, वेल्टाचा फोन. म्हणाली, अरे, जाऊन बस की त्यांच्यात, घाम येईल, आणखी काय होणार आहे? तिला राजकारण कळत नाही. आजही सर्दी.

६ फेब्रुवारी, दुपारी.
जिंकलो! अल्गिस उठून म्हणाला, उर्मासने आणि मी मिळून एक मसुदा केलाय. एवढं ऐकलं आणि मी विरोध नोंदवला. तिघांतल्या एकानेही नाही म्हटलं की प्रस्ताव बाद. अल्गिस म्हणाला, अहो, पुढचं तरी ऐकून घ्या. मी म्हटलं, तुमचं पुढचं मी ओळखून आहे. उर्मास कधी नव्हे ते चार शब्द बोलला : नक्की? मग सही करा. ठोकली सही.

संध्याकाळी.
मसुदा वाचला. ऑफिस : रीगा. प्रमुख : इल्गवार्स. ऑफिस एकमेकांच्या राजधानीत जाऊ नये म्हणून दोघांनी दीड तास घाम गाळून काढलेला तोडगा.
तो बाद झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. विल्नियस निघालं. अल्गिसचं गाव. चिठ्ठ्याही ठरवूनच असणार.

७ फेब्रुवारी.
वेल्टाचे तीन फोन आले. उचलले नाहीत. उर्मासला गाठून म्हटलं, सर्दी बरी आहे आता, सौनात बसू या का? तो म्हणाला, विझवला.
तरी टॉवेल गुंडाळून आत जाऊन बसलो. गार होता. सर्दी मात्र आता खरंच झालीय.