खुंटीवरचं हिरवं लुगडं

सोलापूर, पौष, गुरुवार संध्याकाळ

हिरवं लुगडं खुंटीवर टांगलंय. बघायचं नाही म्हटलं तरी नजर तिकडेच जाते. परवा आमच्या वॉर्डात बाळंतीण गेली, तिचं. आज तिची सासू ते घेऊन आली. "नर्सबाई, तिची सेवा तुमीच केली, तुमीच नेसा की."

गेलेल्या बाईचं लुगडं सेवा करणारीला द्यायची त्यांची रीत. आजवर मी कधी घेतलं नव्हतं. आधी करमाळ्याला नोकरीला होते तेव्हा याच पगारात वर्षाची दोन लुगडी होत. इथे खोलीचं भाडं आणि जळणच सगळा पगार खातं. म्हणून घेतलं. घ्यायला नको होतं का?

हिरव्या पदरावर दुधाचे डाग आहेत. धुवायचा धीर होत नाही.

शेवटपर्यंत ती थंडी वाजते म्हणत होती. आता मलाही वाजतेय, आणि पांघरायला दुसरं काही नाही.