एक्कावन्न पानांचा कॅट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा आठातली दोन अंगं वजा धर.) तुझी कंबर कशी आहे? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. ही जाऊन आठ महिने झाले, घरात ते विचारणारंही कुणी नाही.

पत्राला कारण माझे पत्ते. घड्याळदुरुस्तीत चाळीस वर्षं घातली, त्यात जमवलेली माया म्हणजे बड्या घड्याळवाल्यांनी, अत्तरवाल्यांनी, पेनवाल्यांनी निवडक गिऱ्हाइकांपुरते काढलेले अकरा कॅट. सोनेरी कडा, मखमली पेट्या आणि (सगळी मातब्बरी यातच) न फुटलेलं सील. ही कितीदा तरी म्हणायची, एक डाव टाकू या, मी शिकवते. मी सीलकडे बोट दाखवायचो. घरात अकरा कॅट आणि खेळायला एकही नाही, असं ती पाहुण्यांना सांगायची. मी ते कौतुक समजायचो.

परवा संग्राहकांच्या मेळाव्यात माझा लाडका काळा कॅट घेऊन गेलो. तिथल्या परीक्षकांना सगळे भिंगवाले म्हणतात. त्यांनी सील न्याहाळलं आणि म्हणाले, "हे उघडून परत चिकटवलंय." मी चारचौघांत त्यांची अक्कल काढली. मग त्यांनी माझ्याच परवानगीने पेटी उघडली. कोपरे मऊ पडलेले, इस्पिकच्या राणीला बामाचा वास आणि पानं एक्कावन्न. किलवरचा गुलाम गायब. मी पेटी मिटली आणि माफी न मागताच घरी आलो.

घरी उरलेले दहाही तपासले. एकही कोरा नाही. सगळी सीलं वाफेवर सोडवून माझ्याच टेबलावरच्या गोंदाने इतक्या सफाईने बसवलेली, की माझ्याच्याने झालं नसतं. (ती नुसती माझं काम बघत बसते, असं मला वाटायचं.) मग काळ्या पेटीच्या झाकणाआत पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. वर हिच्या अक्षरात 'गुलामचोर', खाली दोन रकाने. चोर झालेली 'ताई' एकवीस वेळा, 'मी' चार वेळा.

म्हणजे गेल्या वर्षी हिच्या आजारपणात तू दोन महिने येऊन राहिलीस, तेव्हा दुपारी दार लावून तुम्ही जी विश्रांती घ्यायचात, ती म्हणजे हा खेळ. आणि मी बाहेर मोजे घालून फिरायचो, हिची झोप मोडू नये म्हणून. राग आला, खोटं कशाला सांगू. नंतर रडू आलं. शेवटी शेवटी ती हसली होती, आणि ते मला चुकवून हसावं लागलं. एकवीस वेळा चोर होण्याइतकं वाईट तू कधीच खेळत नव्हतीस, ताई.

तरी नणंद-भावजयीने मिळून माझ्या संग्रहाची पार वाट लावलीत. यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तो गुलाम तुझ्याच एखाद्या पुस्तकात खूण म्हणून पडला असेल. ताबडतोब पाठव. कॅट पुरा तरी होईल.

ता. क. दुसरा. गुलाम पाठवू नकोस. एक गुलाम बाहेर असेल तरच हा खेळ मांडता येतो, असं आज कळलं. तू तेवढी ये. मला खेळ शिकव. झाकणावर अजून एका रकान्यापुरती जागा आहे.