डमी ओळ

३ जून, मंगळवार

गुणगुण्याने नवी चाल दिली. चाल त्याची, शब्द माझे — अकरा वर्षं हीच वाटणी. माझे शब्द येईपर्यंत तो तोंडाला येईल ते गात बसतो. त्याला आम्ही डमी म्हणतो. मागच्या गाण्याची डमी होती 'गीझर बंद कर, गीझर बंद कर'. या वेळी — 'तू जेवून घे, मी येतोच आहे.' गाणं निरोपाचं, त्यात हे जेवण कुठून आलं!

५ जून

मुखड्याचे सहा पर्याय नेले. प्रोड्युसरबाई डोळे मिटून ऐकतात, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. सहाव्यानंतर म्हणाल्या, "छान आहेत. पण डमीच ठेवू या." मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हत्या.

६ जून

भांडलो. "मग गाण्याचं नाव काय ठेवायचं — डबा?" गुणगुण्या हसला, बाई नाही. म्हणाल्या, "तुमच्या ओळी ऐकून वा! म्हणावंसं वाटतं. ही ऐकून कुणीतरी आठवतं."

मला कुणी आठवलं नाही. राग मात्र आला. मुखडाच माझा नसेल तर गीतकार म्हणून मी कशाला? नाकापेक्षा मोती जड!

९ जून

नमतं घेतलं. निदान अंतरे माझे राहतील म्हटलं. तर बाईंनी 'क्षितिज' काढलं, 'विरह' काढला. "क्षितिजाला कोण जेवून घे म्हणतं?" ड्रम गेले, नुसता पियानो राहिला. दुसरा अंतरा तर अख्खाच उडवला. तिथे गुणगुण्याला आलापही घेऊ दिला नाही, नुसती शांतता ठेवली.

गाणं सुधारलंय. लिहायला जिवावर येतंय, पण सुधारलंय.

१२ जून

रेकॉर्डिंग. गायिका तिसऱ्या टेकला मध्येच थांबली, "एक मिनिट हं" म्हणून बाहेर गेली. डोळे पुसून आली. मी तोवर चहा घेतला.

१३ जून

'शब्द' या रकान्यात बाईंनी माझं एकट्याचं नाव घातलं. मी म्हटलं, मुखडा गुणगुण्याचा आहे, त्याचंही घाला. उसनं श्रेय नको मला.

१४ जून

गुणगुण्या नको म्हणतो. "ओळ तुझीच आहे रे. मागच्या वर्षी इथूनच फोनवर आईला म्हणालास की! तेव्हापासून डोक्यात बसलीय."

म्हणालो होतो. पण त्या दिवशी एक अंतरा अडला होता, म्हणून गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा आई नव्हती.