उज्जैनचा ढग आणि माझा राजीनामा

नानाखेडा, उज्जैन

तीर्थरूप गोपाळकृष्णमामा,

तुमच्या तेजस्विनीचा साष्टांग नमस्कार (बसल्या जागी मान लववली आहे, बाकीचा समजून घ्यावा). तुमची साखर आणि मामींची कंबर ताब्यात असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. आणि सगळा घोटाळा झाला तो आवाजामुळेच.

तुम्ही जन्मभर पाटबंधारे खात्यात पाणी अडवलंत, म्हणून तुम्हालाच सांगते. नववीच्या संस्कृतात मी ते ढगाला निरोप्या करणारं जुनं काव्य शिकवते. तो ढग वाट वाकडी करून आमच्या उज्जैनवरून जातो, आणि उज्जैनची मुलं त्याचा नुसता अर्थ पाठ करतात! माझं ठाम मत आहे (कशाबद्दल नसतं, असं मामी म्हणतील) की काव्य घोकायचं नसतं, बांधून बघायचं असतं. ज्याने ढगाचं वजन हाताने तोललं नाही, त्याला कवीने त्या ढगाकडून केवढं काम करून घेतलं हे कळणार कसं? म्हणून आम्ही ढग बांधला. बांबूच्या कामट्या, जुन्या गादीचा कापूस, पोटात पाण्याची बाटली, तिला सलाईनची नळी. सभागृहात वर तार ताणली, कप्पी बसवली. ढग मागच्या भिंतीपासून निघून रंगमंचावर यायचा आणि तिथे भैरवगढच्या छापील कापडावर मांडलेल्या उज्जैनवर बरसायचा. कप्पीसाठी आमच्या वर्गातल्या गौरीने आपणहून इतकी गणितं केली की तिच्या गणिताच्या सरांना वाटलं, पोरगी आजारी आहे.

स्नेहसंमेलनात ढग निघाला. मध्ये त्याला थांबवायचं, मी दोन शब्द बोलायचे, मग तो पुढे, असं ठरलं होतं. (दोन शब्दांचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.) ढग थांबला तो नेमका पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर, आणि मी बोलत असताना नळीचा चाप सैलावत गेला. पाहुणे रुमालाने डोळे पुसताना मला दिसले. मला वाटलं, भारावले. म्हणून मी आणखी लांबवलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य शैलेंद्रजींनी बोलावलं. पालकसभेत ढग पुन्हा उडवा म्हणाले, पण एका अटीवर. "मॅडम, बादल उड़ेगा, भाषण नहीं होगा." अट मान्य नसेल तर ढग मोडून कापूस गादीत परत. मामा, मला राग मराठीत येतो आणि हिंदीत बाहेर पडतो. मी उभी राहून गरजले, "तो फिर मैं राजीनामा देती हूँ."

शैलेंद्रजींचा चेहरा खुलला. हात जोडून म्हणाले, "बस, यही तो हम चाहते थे," आणि त्यांनी टावर चौकातून कचोऱ्या मागवल्या. बाई नोकरी सोडते आहे आणि हा माणूस कचोऱ्या वाटतो! मी दुसरी तोफ डागणार, तेवढ्यात विज्ञानाच्या मृण्मयीने (हिचं घराणं पिढ्यान् पिढ्या इकडचं) माझा पदर ओढला. "अगं, इकडे राजीनामा म्हणजे समझोता. सोडायचीच असेल तर इस्तीफा म्हण."

इस्तीफा जिभेच्या टोकावर होता. पण दाराबाहेर कान लावून बसलेली वर्गातली मुलं "मॅडम मान गईं" म्हणत तार ताणायला धावलीसुद्धा होती. मी इस्तीफ्यावर कचोरी कोंबली.

काल पालकसभेत ढग उडाला. मी भिंतीशी ओठ मिटून उभी. ढग उज्जैनवर थांबला, बारीक पाऊस पडला, कोणी हलेना. कुणाची तरी आजी हळूच म्हणाली, "अरे, ये तो अपने यहाँ रुक गया." माझ्या भाषणाचा मुद्दा हाच होता. मला तिथवर पोचायला फक्त पाऊण तास लागतो.

मामींना नमस्कार.

तुमची,
तेजस्विनी

ता. क. न केलेलं भाषण पोटात तसंच आहे. सुट्टीत साताऱ्याला येते, तुमच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठेवता येईल का? विषय: मौनाचं सामर्थ्य.

आणखी ता. क. व्याख्यान राहू दे, ते नंतर. खरी गोष्ट अशी की दहावीच्या मुलांना आता महाकाव्यातला समुद्रावरचा पूल बांधायचा आहे, आणि दगड तरंगत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आहे. शैलेंद्रजी म्हणतात, या खेपेला बोलणारं कोणी नको, बांधणारं आणा. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव देऊन बसले आहे. तेव्हा ताबडतोब राजीनामा पाठवा. उज्जैनच्या अर्थाने.