अक्काचं चित्र अडकतं तेव्हा

४ तारीख, मंगळवार

घरात वायफाय आलं! राउटरची पेटी नाही घेतली. नातीने कॉम्प्युटरच्या भोकात नखाएवढी काडी खोचली. डोंगल म्हणतात म्हणे, मी काडीच म्हणते. मग फोन माझ्या हातात दिला, "घे आजी, बोल तुझ्या बहिणीशी." आणि खरंच अक्का दिसली. दोन वर्षांनी. लांब लेकीकडे अंथरुणाला खिळलीय. झटक्याने वाचा गेली, पण ऐकू सगळं येतं. मी जी सुटले ती सुटले. भाची म्हणाली, "मावशी, आई आज हसली." मला डोळ्यांना पदर लावावा लागला.

५ तारीख

मटार सोलत बोलले. शेंगेतली अळी दाखवली. लहानपणी अळी पाहून घर डोक्यावर घ्यायची. आज नुसते डोळे मोठे केले. तेवढंच आता तिचं ओरडणं.

७ तारीख

काडी नाठाळ निघाली. मी आपली बोलतेय, तर सून म्हणते, "आई, चित्र केव्हाचं अडकलंय. कुणाशी बोलताय?" पाहते तर अक्काचं तोंड तसंच थिजलेलं.

नात म्हणाली, "ही काडी नेट घ्यायला केलीय गं, वाटायला नाही. आपण तिला कॉम्प्युटरचं नेट सगळ्यांच्या फोनना वाटायला लावलंय. चार-पाच फोन झाले की झेपत नाही. आणि ऐकणं-बोलणं एकदम जमत नाही तिला, आळीपाळीने करते."

म्हटलं, मग माझ्याहून बरी. मी तर ऐकतच नाही.

काडीला हात लावून पाहिला, चटका बसला.

८ तारीख

काडीचं नेट स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, भिंत आडवी येते. खुर्ची कॉम्प्युटरपाशी नेली. काडी गार व्हावी म्हणून ओलं फडकं ठेवायला गेले, तर नातीने हातच धरला. "आजी, तापाचं पोर आहे का ते?"

१० तारीख

अक्का फार बारीक झाली. दूधसुद्धा घशाखाली उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, आता आवडेल ते करू द्या. "तिला तुझी बडबड आवडते, मावशी," भाची म्हणाली.

म्हणजे औषध आता मी. आणि माझी भिस्त त्या काडीवर! मुलगा म्हणतो, रविवारी पेटी आणतो. रविवार किती लांब असतो, हे त्याला काय सांगू.

१२ तारीख

सगळ्यांनी आपणहून ठरवलं, संध्याकाळी माझ्या वेळेला आपापले फोन बंद. सुनेने ऑफिसचं काम उद्यावर ढकललं. नातीने काडी लांब वायरला जोडून पंख्यासमोर टांगली. चित्र कसं लख्ख! अक्काच्या पापणीचे केस मोजावेत इतकं. माहेरच्या विहिरीचं सगळं पुराण काढलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच एक डोळा उघडला, मी थांबले का बघायला.

१३ तारीख

भाची फोन लावून देऊन आत गेली. अक्काचं चित्र पुन्हा थिजलं. डोळे अर्धे उघडे. मी काडीला शिव्या घातल्या, कुणाचा फोन चालू आहे म्हणून ओरडले. कुणाचाच नव्हता. काडीही गार होती. सुटेल म्हटलं, आणि शेजारणीच्या मांजरीचं सांगत बसले.

मग अक्काच्या उशामागचा पडदा वाऱ्याने हलला.