आपल्या विहिरीचं पाणी

नाशिक
६ जानेवारी २०२५

ती. मथुताईस,
गुरुदासाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळं बरं आहे एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्रच लिहितो. पत्रात निदान तुझ्याकडून दोन पानं तरी ओढून काढता येतात.

एकतीस मार्चला कारखान्यातून सुटतो. पस्तीस वर्षं लेथपुढे उभं राहून पाय भरून आलेत गो. आता डोक्यात एकच आहे. आरोंद्याला विहिरीमागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या, आणि समोर तुझी ओटी. मी रोज नकाशा काढतो आणि सुगंधा रोज त्यातलं स्वयंपाकघर हलवते. घरात नळ येणार, तेव्हा विहिरीवरची ती कप्पी काढून टाक, उगाच गंजते आहे.

सौरपंप कसा चालतो? गेल्याच्या गेल्या भाऊबीजेला साडीऐवजी तुला तो दिला म्हणून इथे सगळे हसले होते. मी अजून छाती फुगवून सांगतो, की बहिणीला ओवाळणीत ऊन घातलं. तुमच्या हवामानाच्या वर्गात त्याचं कौतुक झालं ना?

एक काम आहे. निवृत्तीच्या दिवशी दोस्तांना आपल्या विहिरीच्या पाण्याचा चहा पाजायचा आहे. कोणी इकडे येत असेल तर पाच लिटर पाठव. त्या पाण्याचं कौतुक सांगून पस्तीस वर्षं मी त्यांचे कान किटवलेत.

माया आहे तशी राहू दे, वर थोडं रागावलीस तरी चालेल.

तुझा,
गुरुदास


आरोंदा
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुगंधास,
मथुराचे अ. उ. आ.

हे पत्र गुरुदास कामावर असताना वाच आणि त्याच्या हाती लागू देऊ नकोस. आपली विहीर खारी झाली गो.

आमचा वर्ग तुला ऐकून माहीत आहे. रविवारी डोरथीबाई चर्चमधून आल्या की वाचनालयात बसतो. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. हवा का तापते, समुद्र का चढतो, विजेला दुसरा मार्ग काय, असा एकेक धडा वाचतो. सुरुवातीला वीस-बावीस जण होते, आता सहा उरलो. त्यातली सहावी आपली शेजारीण तुळसाकाकी, आणि ती चहासाठी येते.

दर अमावास्येनंतरच्या रविवारी खाडीकाठच्या नऊ विहिरींचं पाणी आणून क्षार मोजतो. यंत्र पेनाएवढं, त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून काकीलाही चाखायला देतो. न सांगता नऊ पेले पुढे ठेवले तरी कुठली विहीर ते ती बिनचूक ओळखते, आणि खारट लागलं तर तोंड वाकडं करून थुंकते. काल आपला पेला आला. यंत्रावर आकडा एकवीसशे. पहिल्या वर्षी तो तीनशेसुद्धा नव्हता. आणि काकी म्हणाली, गोड आसा, मथूच्या घरचा. सगळ्यांना वाटलं म्हातारीची जीभ गेली. मी वहीत यंत्राचाच आकडा लिहिला. डिसेंबरपासून माझी डाळ शिजत नाही. वरच्या अंगाला काकीची विहीर आहे, तिथून रोज दोन कळश्या आणते. गुडघे बोंबलतात.

पण खरं बोचतं ते वेगळंच. नऊपैकी तीनच विहिरी खारट झाल्या, आणि त्या तिन्हींवर सौरपंप आहे. खाडी चढते आहेच. पण जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगत असतं, वरून फार ओढलं की खालचं खारं वर येतं, असं डोरथीबाईंनी समजावलं. वीजबिल नाही म्हणून मी ऊन असेतो पंप चालूच ठेवत होते. माडांना, मिरचीला, दिसेल त्याला पाणी. बाकीच्या दोघांनाही पंप घ्या म्हणून वाचनालयात उभी राहून मीच सांगितलं.

आता त्या भल्या माणसाला कसं सांगू, की तुझ्या ओवाळणीने विहीर नासली? तो घर बांधायला निघालाय. मला काही सुचत नाही, तुला सुचलं तर कळव.

तुझ्याकडे डोळे लावून बसलेली,
मथुरा


नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिथे हे कधी हात घालत नाहीत. वन्सं, इतकं एकटीने का सोसलंत? दोन महिने कळश्या वाहताय आणि फोनवर बरं आहे म्हणताय. मला तुमचा रागच आला.

पण मार्च संपेपर्यंत यांना कळवू नका. कामावरून येतात ते भिंतीला टेकून बसतात, चपलासुद्धा काढत नाहीत. नकाशाचा विषय निघाला तरच तोंड उघडतात. तेवढं एक काढून घ्यायला माझा हात धजत नाही. मी काय, मालवणची, खाऱ्या वाऱ्यातच वाढले. यांचा जीव त्या गोड्या पाण्यात अडकलाय.

पाण्याचं असं करा, काकींच्या विहिरीचं भरून पाठवा. पाण्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं! पुढचं मी सांभाळून घेईन. पाप लागलं तर अर्धं माझं.

गुडघ्यांना तेल लावा आणि या भावजयीला विसरू नका.

तुमची,
सुगंधा


आरोंदा
२४ मार्च २०२५

चि. गुरुदासास अ. उ. आ.

डोरथीबाईंचा भाचा रोनी नाशकात नोकरीवर रुजू व्हायला येतो आहे, त्याच्याबरोबर पाण्याचा कॅन देते. आपल्या विहिरीचं आहे, सकाळीच भरलं. फार दिवस ठेवू नका.

वर्ग चालू आहे. मागच्या रविवारी समुद्र चढण्याचा धडा माझ्या वाट्याला होता, तर वाचता वाचता माझाच डोळा लागला. डोरथीबाईंनी पुढचं वाचलं, मला कोणी उठवलंही नाही. कंटाळा आला रे. जगाचा ताप सहा माणसांनी खुर्च्या मांडून कसा उतरणार? तरी रविवार आला की खुर्च्या मांडतेच.

कप्पी काढायला माणूस मिळाला नाही. पंप ठीक आहे. घराची घाई करू नकोस, पावसाळा दोन महिन्यांवर आला, आता पाया खणून काय करणार? आधी पोटभर विसावा घे.

सुखरूप सुटलास हे ऐकायची वाट बघते.

तुझी,
मथुताई


नाशिक
४ एप्रिल २०२५

ती. मथुताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहा झाला. बारा दोस्त आले होते, सगळे वा वा म्हणाले. मी मात्र कपातच बघत राहिलो. ताई, हे पाणी आपलं नव्हे.

आपल्या पाण्याचा चहा शाईसारखा काळा होतो. रेडीची लोखंडाची खाण आपल्या विहिरीपासून सुरू होते असं बाबा म्हणायचे, आठवतं? हा चहा तांबूस झाला, लख्ख. मग नुसतं पाणी पिऊन पाहिलं. ही तुळसाकाकीची विहीर. तिच्या कैऱ्या चोरून खाल्ल्यावर वर हेच पाणी प्यायलो आहे मी.

सुगंधाला विचारलं तर ती तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ होते.

आता खरं लिही. विहीर आटली? ढासळली? काहीही झालेलं असो, ते मी ऐकून घेईन. पण तू मला खोटं पाणी पाठवलंस, ते काही घशाखाली उतरत नाही. निरोप समारंभात माझे डोळे भरले, लोकांना वाटलं कारखान्यासाठी.

उत्तराची वाट बघतो. प्रेम आहे म्हणूनच इतका चिडलोय.

गुरुदास


आरोंदा
१० एप्रिल २०२५

चि. गुरुदासास अ. उ. आ.

विहीर खारी झाली. तुझ्या पंपाने नव्हे, माझ्या हावरेपणाने. फुकटचं ऊन म्हणून दिवसदिवस पाणी ओढलं आणि खालून खाडी वर आली. सुगंधाला फेब्रुवारीतच लिहिलं होतं, तिच्यावर चिडू नकोस. तुला सांगायचं धैर्य झालं नाही. माफ कर म्हणवत नाही, पण कर.

तुझं पत्र येण्याआधीच रविवारी वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं, की पंप घ्या असं मी सांगितलं, पण पाणी किती ओढायचं ते सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. कोणी रागावलं नाही रे. रागावले असते तर बरं झालं असतं. पलीकडच्या पेद्रूने तर महिन्यापूर्वीच पंप बंद केला होता, मथुरा टीचरला वाईट वाटेल म्हणून बोलला नव्हता. आता तिन्ही पंप बंद आहेत.

तुळसाकाकीची जीभ शाबूत आहे. मी घरी जाऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, तुझो भाव येवचो आसा गो, तेका खारा कसा सांगू? मग आम्ही दोघी तिच्या ओटीवर बसून रडलो आणि तिच्याच पाण्याचा चहा प्यायलो.

डोरथीबाई म्हणतात, पंप न लावता तीन-चार पावसाळे गेले तर विहीर सुधारेल. कदाचित. खाडी चढतेच आहे, म्हणून कदाचितच. मी त्रेसष्टची झाले, मला आता हा शब्द पेलत नाही. तुझा नकाशा कुठल्या तोंडाने बघू?

हवं तेवढं रागाव, पत्र मात्र बंद करू नकोस.

तुझी,
मथुताई


नाशिक
२० एप्रिल २०२५

ती. मथुताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस रागावलो. तिसऱ्या दिवशी दमलो. जन्मभर मशीन चालवलेल्या माणसाने बहिणीला मशीन दिलं आणि किती वेळ चालवायचं ते विचारलंसुद्धा नाही, म्हणजे चूक तुझ्या एकटीची कशी? उलट मी नकाशात आणखी चार नळ काढत बसलो होतो.

घर बांधत नाही. नकाशा सुगंधाने तांदळाच्या डब्यात ठेवला, तुझ्या पत्राशेजारी. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण मला यायचं होतं ते काही दोन खोल्यांसाठी नव्हे. दहा मेच्या गाडीने दोघं येतो. ओटीवर कॉट टाक. कळश्या मी आणीन. वर्गात आणखी दोन खुर्च्या मांड, मागच्या बाजूला, झोप आली तर दिसायला नको. कप्पी काढली नाहीस ते बरं केलंस. तिला तेल घाल, माडांना लागेल तेवढं पाणी हातानेच ओढू.

आणखी एक. आलो की आपल्या विहिरीचा एक पेला भरून ठेव आणि तुळसाकाकीला समोर बसव. आधी मी पिणार, आणि खारा आसा म्हणून मीच सांगणार. माझ्यासाठी तिला पुन्हा खोटं बोलायला लागू नये.

तुझा धाकटा,
गुरुदास