सरळ बोटाचा दोष

मंगळवार, संध्याकाळ. देवळाली प्रवरा

मागच्या दारी उसाच्या पाचटाच्या ढिगावर सकाळी कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या दिसल्या. राखाडी, आणि इतक्या नाजूक की जवळ श्वास सोडायची भीती वाटावी. काल तिथे काहीसुद्धा नव्हतं! चहा तिथेच उभ्याने प्यायले. शेजारची गयाबाई शेळ्यांसाठी गवत कापत होती. तिला हाक मारून बोटाने दाखवल्या, तर ती ओरडलीच, "बाई, सरळ बोट नका दावू, सडत्यात! काकडीच्या कळीला दावतो तसं वाकडं करून दावा."

मी हसले. तीस वर्षं विज्ञान शिकवतेय, बोटाने काय सडणार? मुद्दाम पुन्हा सरळ बोट केलं. तेही जरा ऐटीतच.

शाळेतून आले तर सगळ्या वितळलेल्या. कडांवरून शाईसारखं काळं पाणी ठिबकत होतं. या जातीच्या छत्र्या दिवसभरात स्वतःच विरघळतात, त्या थेंबांतूनही बीजाणू खाली सोडतात, हे मला पाठ आहे. पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. केवढी हुशारी! मग माझ्याच बोटाला अपराधी का वाटावं?

गयाबाई आधी ढिगाकडे आणि मग माझ्या बोटाकडे बघून गेली. ते जास्त लागलं.

ढिगात अजून दोन-तीन डोकी वर येतायत. आणि या पानाच्या कोपऱ्यातला काळा ठिपका पेनाचा नाही, त्या वितळलेल्या छत्र्यांचा आहे. बोट वाकडं करूनच उमटवलाय.